अक्कांनी सोडलेला पाळणा

काशीला जाऊन आलेली माणसं तिथे काहीतरी सोडून येतात. गंगेत उभं राहायचं, ओंजळीत पाणी घ्यायचं आणि आजपासून अमुक वस्तू सोडली असं म्हणून ते पाणी खाली सोडायचं, अशी आपल्याकडची रीत आहे. सोडायची वस्तू आवडती असावी हा त्यातला मूळ हेतू. पण माणसं देवापेक्षा हुशार असतात. कुणी कारलं सोडतं, कुणी सुरण. आमचे घरमालक आबा दुधी भोपळा सोडून आले होते, आणि दुधी त्यांनी त्याआधीही जन्मात कधी ताटात येऊ दिला नव्हता.

त्यांच्याच शेजारी गंगेत उभ्या राहिलेल्या त्यांच्या बायकोने, अक्कांनी, पाळणा सोडला.

जत्रेतला पाळणा. तो उंच, गोल फिरणारा, वरून खाली येताना पोटात खड्डा पाडणारा. पंड्याला आधी वाटलं, बाई लेकरांच्या पाळण्याबद्दल बोलतेय, आणि तो दचकला. तेव्हा अक्कांनी ओंजळ मोडून एक हात डोक्यावर नेला आणि गरागरा फिरवून दाखवला. पंड्याला कळावं आणि महादेवाचाही गैरसमज होऊ नये, म्हणून. बरोबरच्या बायकांनी त्यांना खूप समजावलं म्हणे, की अजून पाणी सोडलेलं नाही, गवार सोड, घेवडा सोड. अक्कांचं एकच म्हणणं, "आपले नको ती वस्तू देवले कशी देवानी?" पाणी सोडून त्या मोकळ्या झाल्या. परतीच्या गाडीत भुसावळ येईपर्यंत मात्र त्या कुणाशी बोलल्या नाहीत, असं आबा सांगत.

मी धुळ्याला त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेले तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं होऊन गेली होती. गल्लीत मात्र ती कालच घडल्यासारखी सांगितली जाई, कारण अक्का स्वतः ती कुणाला विसरू देत नसत.

माझं सगळं लहानपण दीपनगरच्या कॉलनीत गेलं. वडील वीजकेंद्रात पाळीवर जायचे. आमच्या घरात पुढच्या गोष्टीबद्दल आधी बोलायचं नाही असा दंडकच होता. निकाल लागायचा असो, कुणी बघायला येणार असो की वडिलांची बढती असो, आई तोंडावर बोट ठेवायची. बोललं की होत नाही, एवढं एकच कारण. मला धुळ्याच्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली हे शेजाऱ्यांना कळलं ते माझी ट्रंक रिक्षात चढल्यावर. मीही त्याच मुशीतली झाले होते. एखादी गोष्ट होईल असं मनाशीसुद्धा म्हणायची मला भीती वाटे. आनंद व्हायचा असेल तर तो झाल्यावर बघू, असा माझा कोरडा हिशेब.

अशा मुलीच्या वाट्याला अक्का आल्या. खोली बघायला गेले तेव्हा कूळ, गाव, वडिलांचं नाव, पगार यांतलं काहीही विचारायच्या आधी त्यांनी मला विचारलं, तुमच्या कॉलनीत मेळा भरतो का आणि त्यात कोणते पाळणे येतात. मी म्हटलं, एक छोटा येतो, हाताने फिरवायचा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझ्या कॉलनीची लाज वाटली. मग म्हणाल्या, राहा.

अक्कांचं माहेर धरणगावचं. अंगाने उंच, बांधा काटक, नऊवारी नेसणं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बोलणं अहिराणी. आवाज असा की त्यांनी मागच्या दारात उच्चारलेला शब्द पुढच्या चौकात पोचायचा. बाकी त्या चारचौघींसारख्याच होत्या. देवपूजा, स्वयंपाक, उन्हाळकामं, कुणाच्या बाळंतपणाला जाणं, सगळं व्यवस्थित. फक्त पोटात खड्डा पडण्याची त्यांना विलक्षण आवड होती. लहानपणी माहेरच्या जत्रेत पहिल्यांदा पाळण्यात बसल्या तेव्हा खाली उतरायलाच तयार नव्हत्या, हे त्या मोठ्या अभिमानाने सांगत.

पाळणा सोडल्यावर त्यांनी एसटी धरली. एसटीच्या शेवटच्या बाकावर, मागच्या चाकांच्याही मागे, त्या मुद्दाम जाऊन बसत. कंडक्टर म्हणायचा, आजी, पुढे जागा आहे. अक्का म्हणायच्या, बसू दे. पावसाळा संपला, रस्त्यांना खड्डे पडले की त्यांना माहेरची आठवण अनावर होई. धरणगावच्या रस्त्यावर एका फरशी पुलाजवळ गाडी अशी काही उसळायची की पिशव्या वरच्या फळीवरून खाली यायच्या. तिथे अक्का डोळे मिटून घेत. पुढे तो रस्ता डांबरी झाला तेव्हा सगळ्या तालुक्याला आनंद झाला आणि आमच्या घरी दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, की अक्का, हे चालतं का, सोडलंय ना तुम्ही. त्या शांतपणे म्हणाल्या, "एसटीले कोन पाळणा म्हनस?"

यावरून कुणाला वाटेल की त्या पळवाटा शोधणाऱ्या होत्या. तसं नव्हतं. चैत्रात पांझरा नदीकाठी देवीची जत्रा भरे तेव्हा त्या रोज संध्याकाळी तिथे जात आणि पाळण्याखाली उभ्या राहत. पाळणेवाले त्यांना ओळखत, कधी कधी फुकट बसा म्हणत. त्या कधी पायरीलासुद्धा पाय लावत नसत. फक्त उतरणाऱ्यांना गाठायच्या. ओळखीचा असो, अनोळखी असो, पोरगा असो की म्हातारा, प्रश्न एकच, "पोटमा काय व्हयनं?" कुणी नुसतं मजा आली म्हटलं तर त्या नाराज होत. मजा म्हणजे काय, कुठून सुरू झाली, वर असताना की सुटल्यावर, घशापर्यंत आली का, असं खोदून खोदून विचारत. एखाद्याने नीट वर्णन केलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं त्यांनाच कुणी जेवायला वाढलंय. मला ते बघवायचं नाही. आणि तरी मी त्यांच्याबरोबर जायची, कारण तसा चेहरा मी आमच्या घरात कधी पाहिला नव्हता.

पण अक्कांचा खरा हंगाम जत्रेच्या आधीचा. फाल्गुनात गल्लीत पापड सुरू होत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, जी ती आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायची. उडदाचं पीठ कुटून, तेलाचा हात लावून मळलेलं असायचं, आणि लाटता लाटता यंदा जत्रेत काय येणार याची चर्चा चालायची. त्यात दोन मोठ्या तज्ज्ञ होत्या. एक कंडक्टरची बायको. नवरा मालेगाव, शिरपूर, चोपडा अशा गाड्या घेऊन जायचा आणि कुठल्या जत्रेत काय लागलंय याची खबर आणायचा. त्यामुळे तिच्या शब्दाला वजन. दुसऱ्या शिंपीणकाकू. त्यांचा कशावरच विश्वास नसे. नवीन पाळणा येणार म्हटलं की त्या म्हणत, गेल्या वर्षीचाच आहे, रंग दिलाय. अक्का मधे बसून दोन्ही बाजू ऐकायच्या आणि आपला अंदाज सगळ्यांच्या शेवटी सांगायच्या. जकात नाक्यावर ताडपत्रीखालून लोखंड दिसलं, एवढी बातमी आली तरी त्या विचारत, लांब होतं की वाकलेलं. वाकलेलं असेल तर चक्र. लांब असेल तर झुलणारी होडी. त्या चर्चेत पापड गोल व्हायचे की नाही देव जाणे, पण दुपार कशी जायची कळायचं नाही.

मी सुरुवातीला कोपऱ्यात बसून मुकाट लाटायची. येणार की नाही ते आल्यावर दिसेलच, त्यावर एवढं बोलायचं कशाला, असं मला वाटे. एके दिवशी अक्कांनी मला सरळ विचारलं, तुझा काय अंदाज. मी म्हटलं, मला काही अंदाज नाही. त्या लाटणं थांबवून म्हणाल्या, चुकला तर चुकला, कुणी फाशी देत नाही, पण सांग. मी घाबरत घाबरत म्हटलं, होडी येईल. माझ्या आयुष्यात पुढच्या गोष्टीबद्दल मी उघडपणे बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. होडी आली नाही. आणि काहीही बिघडलं नाही. हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं एक वर्ष होतं. पापडांचे दिवस ऐन भरात होते आणि रिक्षावर भोंगा लावून गल्लीतून घोषणा गेली, खान्देशात प्रथमच रोलर कोस्टर. पाठोपाठ पत्रकं उडाली. सगळ्या बायका पिठाच्या हातांनी बाहेर धावल्या. पत्रकावर एक चित्र होतं. लोखंडाचे उंच मनोरे, त्यांच्यावरून वळसे घेत गेलेला मार्ग आणि त्यावर तोंडं उघडी टाकलेल्या गोऱ्या माणसांनी भरलेली गाडी. शिंपीणकाकूंनी एका नजरेत निकाल दिला, की चित्र परदेशातलं आहे आणि येणारं यंत्र मिठाईच्या खोक्याएवढं असेल. कंडक्टरच्या बायकोने सांगितलं, की तिच्या नवऱ्याने असलं काही अजून कुठेच पाहिलेलं नाही, म्हणजे हे खरंच नवीन आहे.

अक्कांनी पत्रक माझ्या हातात दिलं आणि मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. त्यात वाचण्यासारखं फारसं नव्हतंच. सगळ्या बोलून थकल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "ते टांगेल शे का रूळवर शे, तेवढं मले सांगा."

सगळ्यांना एकदमच उमगलं. टांगलेलं असेल तर तो पाळणा. रुळावर धावणारं असेल तर ती गाडी. आणि गाडी अक्कांनी सोडलेली नव्हती.

त्या दिवसापासून गल्लीत दुसरा विषय राहिला नाही. आतापर्यंतचे अंदाज म्हणजे करमणूक होती. हा अंदाज कुणाच्या तरी जिवाचा होता. चित्रात रूळ दिसतात, असं कंडक्टरची बायको म्हणे. चित्राचं काय घेऊन बसलीस, असं शिंपीणकाकू म्हणत, पण आता त्यांच्या आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. त्यांनाही ती गाडी निघायला हवी होती. मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुनी इंग्रजी मासिकं उलथीपालथी केली आणि एका मासिकात मला रोलर कोस्टरची चित्रं सापडली. दुर्दैवाने त्यांतल्या एका चित्रात रूळ वर होता आणि डबे खाली लोंबत होते. मी हे घरी येऊन प्रामाणिकपणे सांगितलं. अक्का त्या रात्री जेवल्या नाहीत. आबा मला म्हणाले, इतकं वाचायची काय गरज होती.

देवळातल्या गुरुजींनाही विचारून झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या मनाला विचारा असं सांगितलं. मनाला विचारून कळलं असतं तर गुरुजींकडे कशाला आले असते, असं पुटपुटत अक्का पायऱ्या उतरल्या.

शेवटी लोखंड आलं. नदीकाठी जोडणी सुरू झाली आणि अक्कांनी तिथे मुक्कामच ठोकला. सकाळची कामं उरकून, डोक्यावर पदर घेऊन त्या एका खोक्यावर बसून राहत. जोडणी करणाऱ्या मिस्त्रीला त्या बिबडे तळून नेत. तो बिचारा उत्तरेकडचा कुणी होता. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड हे त्याला कळायला दोन दिवस लागले, आणि ही बाई खांबांपेक्षा रुळांकडे का बघते हे तर कधीच कळलं नाही. मनोरे काही पत्रकातल्यासारखे नव्हते. दोन चढ, दोन उतार, एक वळण, आणि डबे रंगवलेल्या अजगराच्या आकाराचे. शिंपीणकाकूंचं म्हणणं अर्धं खरं ठरलं होतं. पण रूळ होते. खाली होते. त्यांवर चाकं होती. संध्याकाळी अक्का घरी आल्या आणि त्यांनी ओट्यावरूनच सांगितलं, "रूळवर शे." समोरच्या घरातून शिंपीणकाकू बाहेर आल्या आणि अक्कांच्या पायांना हात लावून परत गेल्या.

तरीही त्या एकदम बसायला तयार नव्हत्या. आधी कुणीतरी बसून बघावं, पोटात काय होतं ते सांगावं, आणि मग ठरवू. सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. मी तरुण, मी शिकलेली, आणि मला खोटं बोलता येत नाही हे मासिकाच्या प्रकरणात सिद्ध झालेलं. त्यामुळे जत्रेच्या पहिल्याच संध्याकाळी, ऊन अजून नदीच्या वाळूवर असताना, मी त्या अजगराच्या अगदी तोंडाजवळच्या डब्यात जाऊन बसले. अक्का, आबा, शिंपीणकाकू आणि कंडक्टरची बायको कठड्याला लागून उभे. साखळीने गाडी टकटक करत वर ओढली. मी दांडा घट्ट धरला आणि डोळे मिटले. गाडी माथ्यावरून हळूच पुढे झुकली, घरंगळली, वळली, पुन्हा चढली. थांबली तेव्हा मला थोडी भोवळ आल्यासारखं वाटत होतं. पण पोटात म्हणावं असं काही झालं नव्हतं. मी तसंच सांगितलं. अक्का, गाडीच आहे. धरणगावच्या जुन्या रस्त्यावर एसटी उसळायची तेवढंसुद्धा नाही.

अक्कांनी माझे दोन्ही हात धरले. मग त्यांनी चपला काढून आबांकडे दिल्या, पदर कमरेला खोचला आणि पायऱ्या चढल्या. मी म्हटलं, माझ्या डब्यात बसा. पण इतक्या वर्षांची एसटीची सवय. त्या सरळ चालत गेल्या आणि अजगराच्या शेपटीकडच्या शेवटच्या डब्यात बसल्या. मी पुन्हा पुढे बसले.

पुढचा डबा माथ्यावरून हळू उतरतो. शेवटचा डबा माथ्यावर पोचतो तेव्हा बाकीची गाडी उताराला लागून त्याला खेचून घेत असते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मला फक्त मागून एक आरोळी ऐकू आली. ती भीतीची नव्हती. इतकी मोकळी आरोळी मी त्याआधी कुणा मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकली नव्हती. दुसऱ्या उतारावर ती पुन्हा आली. नंतर हसू आलं, आणि ते गाडी थांबली तरी थांबेना.

अक्का खाली उतरल्या. कुंकू भुवईपर्यंत ओघळलं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गाल लहान पोरीसारखे लाल झाले होते. त्या आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हळूहळू त्यांचं हसू विरलं.

"पाळणाच शे," त्या म्हणाल्या. "बठ्ठा पाळणाच शे वं."

सगळा पाळणाच कसा, असं म्हणत आम्ही समजावू लागलो. रूळ आहेत, चाकं आहेत. त्यांनी मान हलवली. काशीला सोडलं ते लाकूड नव्हतं आणि लोखंडही नव्हतं, पोटातला तो खड्डा सोडला होता, आणि तो तर आज पूर्वीपेक्षाही खोल पडला. त्यांच्या तोंडून हे आलं तेव्हा मला रडू फुटलं. मी म्हणाले, अक्का, मी चुकीचं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुले जे वाटनं ते तू सांगं. मले जे वाटनं ते मी सांगस. तुनी काय चूक शे?"

मग त्या वाळू तुडवत नदीच्या पाण्याकडे चालू लागल्या. चैत्रातली पांझरा ती, घोट्याएवढं पाणी. आम्ही मागोमाग गेलो. त्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. काय करायचं ते त्यांनाही सुचत नव्हतं. एकदा सोडलेली वस्तू मोडली तर पुढे काय करतात, हे पंड्याने सांगितलेलं नव्हतं. इतका आनंद झालेलं आणि इतकं दुःखी माणूस मी एकाच जागी पुन्हा कधी पाहिलं नाही.

सगळ्यांत आधी पुढे झाल्या त्या शिंपीणकाकू. लुगडं वर धरून त्या पाण्यात शिरल्या, ओंजळ भरली आणि म्हणाल्या, भरीत सोडलं. खान्देशातल्या बाईने भरीत सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कसं सांगू. अक्कांनी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, पाप मनं शे, तुमी कसाले सोडतस?

शिंपीणकाकू म्हणाल्या, "बस म्हनीसन आम्ही सांगं. मंग पाप एकलं तुमनं कसं?"

त्यांनी हात सोडवून घेतला आणि पाणी सोडलं. कंडक्टरच्या बायकोने चहा सोडला. तिचा दिवस चहावर सुरू व्हायचा आणि चहावर मावळायचा. मग मी पाण्यात उतरले. काहीतरी बिनमहत्त्वाचं आठवावं असा एक क्षण मनात आला आणि गेला. समोर अक्का उभ्या होत्या. मी ओंजळ भरली आणि म्हणाले, शेवभाजी सोडली. आमच्या आईच्या हातची, झणझणीत, वर तर्री आलेली शेवभाजी. जगात तेवढ्या एका गोष्टीसाठी मी हट्ट करायची. अक्कांना ते पुरतं ठाऊक होतं. त्यांनी नको नको म्हणत माझ्या ओंजळीखाली आपले हात धरले, पाणी अडवायला. ते त्यांच्या बोटांमधून गळून गेलं.

आम्ही चौघी तशाच उभ्या. काठावर आबा, हातात सगळ्यांच्या चपला घेऊन. आबा एरवी फार बोलायचे नाहीत. पण देवाशी व्यवहार कसा करायचा हे त्यांना चांगलं कळत होतं. ते तिथूनच म्हणाले,

"तिन्ही जनीसनी तीन वस्तू सोड्यात. अन् फेरी एकच? उरेल फेऱ्या कोन मारी?"

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. नंतर आमच्याकडे बघितलं. त्यांना ते खरोखर पटलं, हे मी शपथेवर सांगू शकते. इतक्या मोलाच्या वस्तू देवाने ठेवून घ्यायच्या आणि बदल्यात एकच फेरी द्यायची, हे त्यांच्या देवाला शोभणारं नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले, कुंकू नीट केलं आणि आबांच्या हातून चपला न घेता, अनवाणीच, परत वाळूतून चालू लागल्या.

त्या संध्याकाळी त्या उन्हं मावळेपर्यंत बसल्या. शेवटच्याच डब्यात. या वेळी त्यांनी मला शेजारी ओढून घेतलं. गाडी माथ्यावर पोचली, मी सवयीने डोळे मिटले आणि त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. डोळे उघडले तर खाली सगळी जत्रा, नदीचं पाणी, काठावर चपलांसकट उभे आबा. आणि मग खालची जमीन कुणी काढून घेतली. मी ओरडले. दीपनगरच्या घरात जे जे बोलायचं नव्हतं ते सगळं त्या ओरडण्यात निघून गेलं असावं. अक्का माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यांनी मला विचारलं नाही पोटात काय झालं म्हणून. त्यांना दिसत होतं.

जत्रा उठली त्या दिवशी सकाळी अक्का पुन्हा नदीवर गेल्या आणि त्यांनी पाळणा नव्याने सोडला. या वेळी नीट सांगितलं, टांगलेला आणि रुळावरचा, दोन्ही. पुढच्या फाल्गुनात पापड लाटताना नवा अंदाज त्यांनीच आधी सांगितला, तितक्याच उत्साहाने. जे आपल्याला मिळणार नाही त्याचीही वाट इतक्या आनंदाने बघता येते, हे मी त्यांच्या ओट्यावर शिकले. पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा ते पक्कं व्हायच्या आधीच मी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. लेकीच्या वेळी दिवस राहिले तेव्हा आईने तोंडावर बोट ठेवलं आणि मी ते हसून बाजूला केलं. एवढं मोठं देणं मला कुणीच दिलेलं नाही, ना शाळेने ना घराने. अक्का आज नाहीत. त्यांना हे समोर बसून सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, नीट सांग, कुठून सुरू झालं.

लग्नाकार्यात पंगतीला बसते तेव्हा वाढपी शेवभाजीचं भांडं घेऊन येतो आणि मी पानावर हात आडवा धरते. खान्देशातली बाई असून शेवभाजी नको म्हणते याचं शेजारच्यांना नवल वाटतं. तिखट सोसत नाही का, असं विचारतात. मी म्हणते, सोसतं. मग आवडत नाही का, असं विचारतात.

फार आवडते. म्हणून तर सोडली.